दोन घरचा पाहुणा: क्राइम थ्रिलरमध्ये निष्ठेची ओढाताण कशी लिहावी

वेषांतर करून टोळीत शिरलेला पोलीस तिथेच कुणाच्या तरी प्रेमात पडतो. अशा पटकथेतली नेहमीची चूक म्हणजे त्याला आरशासमोर उभं करून 'मी नेमका कुणाचा?' असं बोलायला लावणं. ओढाताण बोलून दिसत नाही, त्याच्या हातून काहीतरी सुटावं लागतं.

आधी एक वस्तू शोधा, जी पुरावाही असेल आणि जवळिकीचं निमित्तही. समजा, ससून डॉक. पीएसआय मासळीच्या पेढीवर कारकून म्हणून लागलाय. पेढीच्या बोटी डिझेलची तस्करी करतात असा संशय. मासेमारीला निघालेली बोट बर्फ भरून निघते. नुसतं डिझेल आणायचं तर बर्फ कशाला? म्हणजे पुरावा बर्फाच्या वहीत, आणि वही लिहिते मालकाची बहीण. एका पहाटे ती न मागता वही त्याच्यापुढे सरकवते. एक पान फाडलेलं. इथे संवाद लिहिलात की प्रसंग गेला.

(दाखवण्यापुरता तरी बर्फ का भरत नाहीत, असं प्रेक्षक विचारणारच. मालकाचा चिक्कूपणा आधी दोनदा पेरून ठेवा.)

दोन तासांच्या चित्रपटाला साधारण 110 ते 120 पानं लागतात, पानाला एक मिनिट या हिशेबाने. वहीचा प्रसंग 60व्या पानाच्या आसपास यावा. फार आधी आला तर प्रेम गाण्यापुरतं वाटतं. 80च्या पुढे गेला तर त्याची किंमत मोजायला जागा उरत नाही. नायकाचे वरिष्ठांना तीन रिपोर्ट लिहा: पहिला पूर्ण, दुसऱ्यात एक नाव गाळलेलं, तिसरा सरळ खोटा. घसरण एवढ्यात दिसते.

कायदा नीट वाचा, तो कथानक फुकटात देतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब एरवी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मकोका लावला तर डीसीपींनी रीतसर नोंदवलेला चालू शकतो. त्यामुळे ठाण्यात ती रडत कबूल झाली आणि केस संपली, असं लिहू नका. तिला माफीचा साक्षीदार करायचं तर माफी कोर्ट देतं, पोलीस नव्हे. आणि अट अशी की माहीत असलेलं सगळं सांगायचं, भावाविरुद्धही. शिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, तेही महिला अधिकाऱ्यामार्फत आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घेऊन. मध्यरात्रीच्या अटकेचा प्रसंग यामुळे बाद होतो, पण नायकाच्या हाती पहाटेपर्यंतचे तास येतात. क्लायमॅक्स तिथे बांधा.

वरिष्ठाला मात्र भ्रष्ट करू नका. तो लाचखोर निघाला की नायकाला निवडायला काही उरतच नाही. तो सरळ, थकलेला आणि बरोबर असलेला माणूस हवा.