मॅटवर झकास, कोर्सवर भकास: मिड-आयर्नच्या सरावातल्या या चुका टाळा

गोल्फच्या सराव रेंजवर सात नंबर (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे मिड-आयर्न) सुरेख लागतो आणि कोर्सवर पहिल्याच फेअरवेवरून (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) बॉल जेमतेम पन्नास यार्ड जातो, ही तक्रार नेहमीची. इथे रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर संशय घ्या. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी मॅटवर तो घसरत पुढे जातो आणि बॉल बरा उडतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या ओल्या फेअरवेवर तर ही चूक लपतच नाही.

म्हणून बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर टॉवेलची घडी ठेवून मारा. टॉवेलला क्लब लागला की शॉट फॅट (क्लब बॉलआधी जमिनीला लागणारा), मग बॉल कितीही लांब जावो. गवतावर सराव करायला मिळत असेल तर कबड्डीच्या मैदानावर आखतात तशी फक्कीची रेघ मारा आणि बॉल न ठेवता स्विंग करा. डिव्हट (क्लबने गवत उडून पडणारा खड्डा) रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू व्हायला हवा. रेघेमागचं गवत उडालं, तर दुखणं सापडलं.

हे का होतं? बॉल हवेत ‘उचलायच्या’ धडपडीमुळे. ते काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचं आहे. सात नंबरला मेकप्रमाणे साधारण २८ ते ३५ अंश लॉफ्ट असतो, तेवढा पुरतो. उचलायला गेलात की वजन उजव्या पायावर राहतं (डावखुऱ्यांनी डावा समजावा) आणि स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे सरकतो. मग कधी क्लब जमिनीत घुसतो, कधी वर येता येता बॉलच्या पोटावर लागतो. फॅट आणि टॉप (बॉलच्या वरच्या भागाला लागलेला शॉट) हे बहुतेकदा एकाच दुखण्याचे दोन चेहरे. टॉप झाला की ‘डोकं उचललंस’ असं सांगणारा प्रत्येक रेंजवर एक असतोच. त्याच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. त्यापेक्षा फिनिशला (स्विंग संपल्यावर) थांबून उजवा पाय उचलून बघा. मागे तोल गेला, तर वजन पुढे आलंच नव्हतं.

ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारून लगेच आयर्न घेणारे बॉल डाव्या टाचेसमोरच ठेवतात. सात नंबरला तो स्टान्सच्या (दोन पायांतल्या अंतराच्या) मध्यावर किंवा जेमतेम एक बॉल पुढे हवा, पाच नंबरला आणखी थोडा पुढे.

अंतराचंही तसंच. एकदा कधीतरी १५० यार्ड गेला म्हणून ‘माझा सात नंबर दीडशेचा’ असं धरून बसू नका. त्यात रेंजचे बॉल झिजलेले, त्यांचं अंतर भरवशाचं नाही. क्लब निवडताना नेहमीचा, सरासरी शॉट धरा. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडच्या वाळूच्या बंकरमध्ये बॉल का पडतात ते कळेल.

आणि बॉलची बादली उपडी करून धडाधड मारत सुटणं हा व्यायाम झाला. शेवटचे दहा बॉल तरी प्रत्येक वेळी क्लब आणि निशाण बदलून, मागे जाऊन, रेषा बघून मारा.