मालागाचा अल्काझाबा: आधी वर, मग खाली

संभाजीनगरहून कुणी स्पेनला निघालं की मी एकच सांगते: मालागात क्रम उलटा लावा. आधी ३५ नंबरच्या बसने माथ्यावरच्या हिब्राल्फारो किल्ल्यावर जा. हा आणि उतारावर खाली असलेला अल्काझाबा, अशा दोन्ही किल्ल्यांचं एकत्र तिकीट घ्या. तटावरून बंदर, बैलझुंजीचं गोल मैदान, समुद्र सगळं दिसतं. ख्रिस्ती फौजांच्या १४८७च्या वेढ्यात हे शहर काही महिने कसं तगलं, ते इथंच उमगतं. मग पायी उतरा. मधल्या तटबंदीतून वाट नाही, बाहेरूनच यावं लागतं. फरसबंदी गुळगुळीत आहे, चपला नकोत.

अल्काझाबा ११व्या शतकातला, मुस्लिम राजवटीचा. इथं मात्र सावकाश फिरा. दरवाजातून आत शिरताच वाट काटकोनात वळते, म्हणजे शत्रूला धावत घुसता येऊ नये. माझे बाबा तिथंच थबकले. “अगं, ही तर आपल्या देवगिरीचीच युक्ती!” पुढच्या एका दरवाजाला जुने रोमन खांब बसवलेत, तेही बघा. आतल्या अंगणांतून पाण्याच्या बारीक पाटांची झुळझुळ चालू असते. मराठवाड्याच्या माणसाला तिथून उठवत नाही.

गुडघे दुखत असतील तर नगरपालिकेच्या मागच्या रस्त्यावरून लिफ्ट आहे. रविवारी दुपारी दोननंतर प्रवेश फुकट असतो, पण गर्दी होते.