ऑडिशनला लगेच ‘अय्यो’ म्हणू नका: या चुका टाळा

दोन संस्कृतींच्या गोंधळावर विनोदी नाटक करायचं तर नाशिककराला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. ओझरला एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडला नोटांची प्रेस, देवळालीला लष्कर, सातपूर-अंबडला कारखाने. देशभरातून माणसं आली आणि इथलीच होऊन बसली. त्यामुळे हौशी संस्थांकडे मराठी सून-तमिळ सासू, पंजाबी जावई-नाशिकचे सासरे अशा संहिता येत राहतात. घोळ होतो तो पात्रनिवडीत.

समजा, उतारा असा आहे: सासरे तमिळ व्याह्यांना रविवारी मिसळ खायला नेतात आणि छातीठोकपणे सांगतात, “तिखट नाहीये हो, खा बिनधास्त!” व्याह्यांची भूमिका वाचायला आलेला उमेदवार बहुतेक वेळा पहिल्याच वाक्याला ‘अय्यो’ करतो, मान डोलावतो, जीभ बाहेर काढतो. खरं तर संहितेत व्याही शांतपणे तर्री मागून घेतात आणि घाम सासऱ्यांना फुटतो. हेल काढायच्या नादात प्रसंगच वाचायचा राहिला.

म्हणून उतारा आधी आपल्या रोजच्या मराठीत वाचा. या माणसाला आत्ता काय हवंय? व्याह्यांना चांगलं दिसायचंय, सासऱ्यांना हार मानायची नाहीये. हे सापडलं की हेल नंतर चढवता येतो, तोही एखाददुसरी खूण घेऊन. तमिळमध्ये महाप्राण व्यंजनं, म्हणजे ख, घ, भ अशी ‘ह’ मिसळलेली व्यंजनं नाहीत, त्यामुळे ‘भ’चा ‘ब’ होऊ शकतो. पण ओझरच्या कॉलनीत उभा जन्म काढलेल्या माणसाचं मराठी तुमच्याइतकं स्वच्छही असू शकतं, तेव्हा हेल किती ठेवायचा ते दिग्दर्शकाला विचारा. अहिराणीचंही तेच. ‘मना-तुना’ दोनदा म्हटलं की अहिराणी झाली असं नाही, आणि सटाणा-मालेगावकडचे प्रेक्षक समोरच बसलेले असतात.

दुसरी चूक म्हणजे गाजलेल्या शोकांतिकेतलं स्वगत पाठ करून येणं. आवाज छान लागतो, डोळे पाणावतात, आणि विनोदी नाटकासाठी त्यातून काहीच कळत नाही. इथे समोरच्याचं ऐकता येतं का, हे पाहायचं असतं. बहुतेकांचा डोळा समोरच्याचं वाक्य चालू असताना कागदावर, आपल्या पुढच्या ओळीवर असतो. मग प्रतिक्रिया उशिरा येते आणि लाफ्टर जातो. कागद छातीपाशी धरा, अंगठा ओळीवर ठेवा, आपलं वाक्य संपताना मान वर करा आणि समोरचा बोलेपर्यंत वरच ठेवा. ओळ शोधायला क्षणभर लागला तर लागू दे. तो पॉज बऱ्याचदा वाक्यापेक्षा चांगला जातो.

“पण समोर वाचणारा अगदी सपाट वाचत होता!” ही तक्रार नेहमीची. तो बॅकस्टेजचा पोरगा असतो, सकाळपासून तेच पान वाचून कंटाळलेला. त्याचा सपाटपणा हाच त्या पात्राचा स्वभाव आहे असं धरा आणि त्यावर चिडा, गोंधळा, त्याची मनधरणी करा.

परीक्षक हसले नाहीत म्हणून आवाज चढवू नका. संहिता त्यांना पाठ आहे, ते हसणार नाहीतच.

आवाजाबद्दल वेगळं. रील्सवर तयार झालेली मुलं चेहऱ्याने फार छान बोलतात, पण कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेला तो चेहरा दिसत नाही. ओरडू नका, वाक्याचं शेपूट सांभाळा. मराठीत क्रियापद आणि ‘नाही’ शेवटी येतात. शेवट गिळला तर ‘तिखट नाहीये’चं नुसतं ‘तिखट’ उरतं.

थोडं आयोजकांनाही. शेजारचे तमिळ काका हेल ‘तयार’ आहे म्हणून घेता, आणि तालमीत त्यांनाच तो वाढवायला सांगता, हे बरं नव्हे. त्यापेक्षा ऑडिशनच्या आधी संहितेच्या वाचनाला त्यांना बसवा आणि ते कुठे गप्प होतात ते बघा. सगळे विनोद बाहेरून आलेल्या पात्रावरच असतील तर कितीही चांगला नट मिळाला तरी नाटक उभं राहत नाही. सासऱ्यांची फजिती झालीच पाहिजे.

राहिली तारखांची गोष्ट. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीनंतर असते, म्हणजे तालमी ऐन सणात. तुमची रात्रपाळी, क्लास, घरचं लग्न, जे असेल ते फॉर्मवरच लिहा. भूमिका मिळाल्यावर सांगितलं तर सगळ्यांचीच पंचाईत. आणि फोन नंबर वाचता येईल अशा अक्षरात लिहा, कारण निवड झाल्याचा फोन त्यावरच येणार आहे.