कपिंगचे डाग कसे वाचायचे

कपिंग म्हणजे कपातली हवा कमी करून त्वचा आत ओढून धरणं; आपल्याकडची तुंबडी, चिनी वैद्यकात 'बा ग्वान'. पाठीवर कप साधारण 5 ते 10 मिनिटं ठेवतात. काढल्यावर लगेच, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली लाल आणि जांभळा यांत गल्लत होते.

आधी अंगठ्याने डाग दोन-तीन सेकंद दाबा. रंग क्षणभर उडाला तर नुसत्या रक्तवाहिन्या फुगल्यात. तसाच राहिला तर रक्त केशवाहिन्यांबाहेर आलंय. तो डाग जायला आठवडा, कधी जास्तही लागतो. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या त्वचेशी ताडून बघा, हाताच्या पालथ्या बाजूने ऊब तपासा.

परंपरेतला अर्थ असा: गडद जांभळा म्हणजे रक्त साचलेलं, बहुधा थंडीमुळे. लालभडक म्हणजे उष्णता. फिकट, गार डाग म्हणजे 'ची'ची, म्हणजे चिनी वैद्यकातल्या जीवनशक्तीची, कमतरता. कपाच्या आत दव साचलं तर शरीरात 'ओलावा'.

घोळ होतो तो इथेच. एकाच पाठीवर एक कप 5 मिनिटं, दुसरा 12 मिनिटं ठेवला, तर दुसऱ्याचा डाग जास्त गडद पडणारच! ओढ आणि वेळ सारखी नसेल तर तुलना फोल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डाग उगाच गडद येतात. अशांना कप लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फोडालाही 'ओलावा' म्हणतात, पण बरेचदा तो जास्त ओढीचा किंवा गरम कपाने भाजल्याचा असतो. फोडू नका. आणि डागावरून आजाराचं निदान ठरवू नका, त्याला वैज्ञानिक आधार नाही.