पांढऱ्या-हिरव्या फुलांचं लग्न करायचं तर आधी साडी विचारा

माझ्याकडे लग्नाच्या फुलसजावटीचं काम शिकायला येणारी मुलंमुली पहिल्याच भेटीत मोबाइलवरचे फोटो दाखवतात. पांढरे गुलाब, हायड्रेंजिया, मधून युकॅलिप्टसची करडी पानं. फोटो छानच असतात, पण मुहूर्त सकाळचा की गोरज, महिना कुठला, नवरी काय नेसणार, हे त्यातून कळत नाही. मी आधी साडी विचारते, मग हॉलचे पडदे आणि दिवे. फुलांचं नाव सगळ्यात शेवटी.

बडोद्यात साडी विचारण्याला आणखी एक कारण आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरची सोयरीक पुष्कळदा गुजराती घरात होते. मग ‘शुभकार्यात पांढरं कसं चालेल?’ असं कुठल्या तरी आत्याबाई विचारतातच. वाद घालू नका. मामाकडून येणारं गुजराती नवरीचं पानेतर, म्हणजे लग्नाची साडी, पांढरंच असतं, लाल काठाचं. आपल्या मुंडावळ्या मोत्यांच्या, गजरा मोगऱ्याचा, चुडा हिरवा. एवढं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. आणि गौरीहराच्या पूजेत लाल-पिवळी फुलं मागितली तर निमूट द्या, तिथे आपली रंगसंगती रेटू नका.

आता खरं काम. पांढरा एकच नसतो. निशिगंधाच्या कळीला गुलाबी झाक असते, शेवंती सायीसारखी पिवळसर, काही गुलाबांच्या पाकळ्या कडेला हिरवट. शेजारी-शेजारी ठेवलं की एक फूल शिळं वाटायला लागतं, ताजं असलं तरी. म्हणून दोन पांढऱ्यांच्या मध्ये पान घाला. मागे पांढरा पडदा असेल तर आधी कामिनीचा किंवा अशोकाच्या पानांचा दाट थर द्या, नाहीतर फोटोत फुलं गायब होतात. दिवे पिवळे असतील तर एक डबा फुलं घेऊन संध्याकाळी हॉलवर जा आणि तिथेच पाहा.

पांढऱ्यावर हाताळल्याचा डाग लपत नाही. याचा सगळ्यात कडक मास्तर म्हणजे अनंताचं फूल. एका नवरीची आजी रोज अंबाड्यात अनंत माळायची, म्हणून तिला तोच हवा होता. अनंताच्या पाकळीला बोट लागलं की थोड्या वेळात तपकिरी ठसा उमटतो. मांडवभर अनंत लावणं शक्यच नव्हतं. एकच फूल देठाला धरून, ओल्या कापसासकट डब्यात नेलं आणि अंतरपाट धरायच्या जरा आधी खोप्यात खोवलं. बाकी सगळा निशिगंध. लग्न ‘त्या नवरीचं’ झालं ते त्या एका फुलामुळे. म्हणून पहिल्या बैठकीत बजेटच्या आधी घरातल्या बागेबद्दल विचारा.

लिली वापरणार असाल तर कळी उमलताच आतले परागकोश चिमटीने काढून टाका. शालूवर पराग पडला तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने अलगद उचला. कार्नेशन आणि जिप्सोफिला रुखवताच्या किंवा फळांच्या खोलीत ठेवू नका. पिकलेल्या केळ्या-आंब्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर मान टाकतात. फुलं खोचायच्या फोमची वीट पाण्यावर सोडा, आपोआप बुडू द्या. हाताने दाबली तर आत कोरडे पोकळे राहतात. फोम प्लास्टिकचाच असतो, कुजत नाही. जमेल तिथे मी बाटल्या आणि जाळी वापरते.

मोसमाचं गणित सोपं आहे. मोगरा उन्हाळ्यातला, एप्रिल-मेच्या लग्नांना भरपूर. थंडीत तो महाग आणि फिका, तेव्हा कुंद, शेवंती, निशिगंध. मे महिन्यात बडोद्याचं ऊन चाळिशीपार जातं, तेव्हा बाहेरच्या मांडवाला नाजूक फुलांचा हट्ट धरणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. मोगऱ्याचे गजरे कळ्यांचेच ओवून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मुहूर्तापर्यंत उमलतात.

सुटी फुलं किलोवर आणि काडीची फुलं जुडीवर मिळतात. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा. मी शेकडा पंधरा माल जास्त धरते, कारण पांढऱ्यात डागाळलेली फुलं निवडून बाजूला काढावीच लागतात. कोटेशनमध्ये प्रत्येक फुलापुढे पर्यायी फूल लिहा आणि घरच्यांची सही घ्या.

शिकायचं कुठे? खंडेराव मार्केटमध्ये पहाटे उभं राहून भाव आणि देठ ओळखा. मग एखाद्या डेकोरेटरकडे मोसमभर बादल्या भरा, पानं खुडा. मात्र विचारायला तुळशीच्या लग्नाआधी जा. एकदा मुहूर्त सुरू झाले की कुणालाही शिकवायला वेळ नसतो, मलाही नाही.