लालबाग-परळमध्ये राहायला जावं का? ठरवण्याआधीची तपासणी

लालबाग, परळ, लोअर परळ, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यात घर शोधणारा माणूस सगळ्यात आधी दर विचारतो. दर तासाभरात कळतो. इमारत कोणत्या कायद्याखाली उभी आहे, समोरच्या पत्र्याच्या कुंपणाआड पुढची पाच-सात वर्षं काय चालणार आहे आणि जिन्यात भेटणारी माणसं कोण आहेत, हे कळायला महिना जातो. विकत घ्यायचं असेल तर तो महिना काढाच. भाड्याने राहायचं असेल तर दोन आठवडे पुरतात.

इथल्या बऱ्याच अडचणींचं मूळ गिरण्यांच्या जमिनींत आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 मध्ये या जमिनींचे साधारण तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. म्हणून आज टॉवर पन्नास-साठ मजल्यांचे, गल्ल्या गिरणीच्या काळातल्याच रुंदीच्या आणि बागा बोटांवर मोजण्याइतक्या. गल्ली पुढे रुंद होईल या भरवशावर घर घेऊ नका. दलाल तसं सांगत असेल तर महापालिकेकडून त्या भूखंडाचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय लिहिलंय त्याचा दाखला, काढा. रस्ता रुंद होणार असेल तर ते त्यात दिसतं आणि रुंदीकरणात तुमच्याच इमारतीचा तुकडा जाणार असेल तर तेही.

इमारत कोणत्या प्रकारची?

एकाच गल्लीत पाच तऱ्हेची घरं असतात आणि प्रत्येकाचे धोके वेगळे.

पागडीची खोली. इथे तुम्ही भाडेकरूचा हक्क विकत घेता, मालकी मिळत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला जागा दिली आहे, पण घरमालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती मिळाल्याशिवाय हातात काहीच येत नाही. हस्तांतराच्या वेळी घरमालक आपला वाटा मागतो. तो किती, हे आधी ठरवून घ्या. बँका अशा खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, म्हणजे पैसे रोख हाताशी हवेत. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर तिचा वर्ग विचारा: 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची ‘अ’, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतची ‘ब’, पुढे सप्टेंबर 1969 पर्यंतची ‘क’. अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या, नियमावलीतल्या 33(7) योजनेत हा वर्ग महत्त्वाचा ठरतो. दर पावसाळ्याआधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करतं, ती पाहा. महापालिकेच्या वर्गवारीत ‘सी-1’ शेरा असेल तर इमारत रिकामी करून पाडायची आहे. अशा ठिकाणी खोली स्वस्त मिळते ती याच कारणाने.

पुनर्विकसित इमारतीतला विक्रीचा फ्लॅट. या पट्ट्यातली बरीच नवी घरं या प्रकारची, त्यामुळे इथे जरा थांबू. जुन्या भाडेकरूंना किमान 300 चौरस फूट चटईक्षेत्राचं घर फुकट मिळतं आणि उरलेलं बांधकाम बिल्डर विकतो. बहुतेक ठिकाणी दोन विंग असतात. जुन्या भाडेकरूंच्या रिहॅब विंगला मागचं फाटक, लहान लिफ्ट, साधी लादी. विक्रीच्या सेल विंगला लॉबी आणि जिम. जाहिरातीत फक्त दुसरी दिसते. साइटवर गेलात की दोन्ही विंगांमध्ये चढा आणि विचारा: सोसायटी एक आहे की दोन? पोडियम, पाण्याच्या टाक्या, आग विझवण्याची यंत्रणा यांचा खर्च कोण कसा वाटून घेतं? रिहॅब विंगसाठी बिल्डरने कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीचा कायम निधी, ठेवला आहे का आणि तो सोसायटीच्या खात्यात जमा झाला आहे का? कॉर्पस नसेल तर गोष्ट ठरलेली असते. चाळीत जुजबी भाडं भरणाऱ्या कुटुंबावर अचानक काही हजारांचा मेंटेनन्स येतो, थकबाकी वाढते, लिफ्टचा वार्षिक करार तुटतो आणि दोन विंगा एकमेकींकडे बघेनाशा होतात. याला माणसांचा हलकेपणा म्हणणारे भेटतील. तो हिशेबाचा प्रश्न असतो आणि हिशेब बिल्डरने बिघडवलेला असतो.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत कितीही देखणी असो, सोडा. पाणी जादा दराने येतं, कर्जाला आणि पुढे विक्रीला अडचण येते. काही वेळा ओसी फक्त खालच्या मजल्यांना मिळालेली असते, म्हणून आपला मजला त्यात आहे का ते वाचा.

नुसता टॉवर. इथे खर्च महिन्याचा बघा. समजा चौरस फुटाला 15 रुपये मेंटेनन्स आणि 900 फूट क्षेत्र, तर 13,500 रुपये. महिन्याचा आकडा 7,500 च्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांहून जास्त असली की त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 16,000. मेंटेनन्स कोणत्या क्षेत्रावर लावतात, चटईक्षेत्रावर की लोडिंग, म्हणजे सामाईक जागांचा वाटा, धरून, हेही विचारा. आणखी एक कागद मागा: अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र. ते दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सचिवाला ते माहीतच नसेल तर तेही एक उत्तर आहे.

गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेली म्हाडाची 225 चौरस फुटांची घरं आणि झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतली घरं यांच्या विक्रीवर ठरावीक काळ बंदी असते. ‘कुलमुखत्यारपत्रावर करून देतो’ असं कोणी म्हणाला की उठा.

बीडीडी चाळी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथे 160 फुटांच्या खोल्यांऐवजी 500 फुटांची घरं देण्याचं काम चालू आहे. वरळीतल्या पहिल्या 556 घरांचा ताबा ऑगस्ट 2025 मध्ये दिला गेला. तिथली खोली ‘घेऊन ठेवायला’ सांगणाऱ्याकडून पात्रतेचा कागद नीट समजून घ्या. पात्रता ठरलेल्या माणसाच्या नावावर असते आणि ती तोंडी बोलीने तुमच्याकडे येत नाही.

आजूबाजूला काय उगवणार?

महारेरा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण, याच्या संकेतस्थळावर परिसराचे चालू प्रकल्प शोधा. 400012, 400013, 400015 आणि 400033 या पिनकोडांतले सगळे बघा. प्रत्येकाची पूर्णत्वाची तारीख लिहून घ्या आणि मनातल्या मनात दोन वर्षं वाढवा. मग घराच्या दोनशे मीटरच्या आत किती येतात ते नकाशावर टिपा. तीनहून जास्त असतील आणि घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर आमच्या मते घर घेऊ नये. पाया खणण्याचं आणि पाइलिंगचं पहिलं दीड वर्ष सगळ्यात वाईट जातं. त्यानंतरचा त्रास मुख्यतः काँक्रीटच्या गाड्यांचा.

तुमच्या आणि उजेडाच्या मध्ये काय येणार तेही बघा. शेजारी दोन मजली चाळ असेल तर ती दोन मजली राहणार नाही. ‘ओपन व्ह्यू’साठी जादा पैसे देणं म्हणजे शेजाऱ्याच्या गरिबीवर पैज लावणं, आणि ती पैज बहुधा हरली जाते.

रस्त्यांचं तसंच. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी पाडायला बंद झाला आणि वाहतूक दादरच्या टिळक पुलावर, करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर आली. डिलाईल पूल त्याआधी 2018 ते 2023 बंद होता. पूर्वेकडून पश्चिमेला रोज गाडीने जायचं असेल तर दलालाने सांगितलेली ‘दहा मिनिटं’ स्वतः मोजा. उलट, ‘मेट्रो 3’ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंत धावू लागल्याने वरळी-प्रभादेवीच्या बाजूला राहणाऱ्यांचं गणित सुधारलं आहे. लालबागहून मात्र ती स्थानकं चालत गाठण्याजोगी नाहीत.

चार वेळा जा

रविवारी दुपारी घर दाखवायला नेतात. त्या वेळी सगळंच बरं दिसतं.

एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला जा. करी रोड, चिंचपोकळी, लोअर परळ या स्थानकांवर फास्ट लोकल थांबत नाही, आणि त्या वेळी हजारो माणसं इथे कामाला उतरत असतात. गाडीत तुम्हाला जागा मिळेल, कारण तुम्ही गर्दीच्या उलट निघालेले असता. अडचण फलाटापर्यंत पोचण्याची. सध्याच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्यानंतर नवे पूल झाले, तरी जिन्यावर उलट्या दिशेने चढून बघाच.

दुसऱ्यांदा शनिवारी रात्री अकराला. गिरणीच्या आवारातल्या रेस्टॉरंट-पबशेजारी घर असेल तर दुचाक्यांचा आवाज आणि पार्किंगची हमरीतुमरी कळते. तळमजल्यावर किंवा गच्चीवर हॉटेल असेल तर आगीच्या वाटा कुठे आहेत ते बघा. डिसेंबर 2017 च्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 जीव गेले होते.

तिसऱ्यांदा जुलैत, मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरवरची भरती एकत्र असेल त्या दिवशी. भरतीचं वेळापत्रक महापालिका आधीच जाहीर करते. हिंदमाता आणि परळ टीटीच्या सखल भागासाठी आता भूमिगत टाक्या आहेत, पण तळमजल्याच्या दुकानदारांनी उंबरे अजून का उंच ठेवलेत ते त्यांनाच विचारा. यांत्रिक पार्किंगचा खड्डा असलेली इमारत असेल तर पंप कुठे आहे, जनरेटरवर चालतो का, हे तपासा.

चौथी फेरी गणपतीत. लालबागचा राजा 1934 पासून, गणेश गल्ली 1928 पासून, चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 पासून. त्या दहा दिवसांत भारतमाता चित्रपटगृह ते चिंचपोकळी रस्ता तुमचा नसतो. टॅक्सी येत नाही, डिलिव्हरी येत नाही, रुग्णवाहिकेला वाट काढावी लागते. घरात डायलिसिसवरचा माणूस असेल तर केईएम रुग्णालयापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे ठाऊक हवं. आवाजाची कायदेशीर मर्यादा निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस सूट देऊन मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक चालतात. ज्याला हे दहा दिवस सोसणार नाहीत त्याने लालबागऐवजी शिवडीची आतली बाजू किंवा परळ व्हिलेज बघावं. इथे येऊन मंडळाविरुद्ध तक्रारी करत बसू नये. मंडळ आधीचं आहे.

शेजार

वस्ती मिश्र आहे, पण ‘मिश्र’ या शब्दावर समाधान मानू नका. कोकणातून आणि घाटावरून आलेली मराठी कुटुंबं, पद्मशाली तेलुगू, उत्तर भारतीय, मुस्लिम, बीडीडी चाळींतली मोठी आंबेडकरी वस्ती, नव्या टॉवरांतली गुजराती-जैन आणि कॉर्पोरेट कुटुंबं, टाटा रुग्णालयात उपचाराला आलेले आणि महिनोन्‌महिने खोली घेऊन राहणारे रुग्णांचे नातेवाईक. हे सगळे एका पिनकोडात राहतात. एका जिन्यात क्वचितच.

म्हणून टोकन देण्याआधी दलालाला सरळ विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या: घरात मासे-मटण शिजवायला हरकत आहे का? आमचं आडनाव, धर्म, एकटं राहणं किंवा लग्न न करता एकत्र राहणं यावरून कोणी अडवणार आहे का? आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपलं घर भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, माहिती द्यावी लागते. पण कायदा बाजूने असला तरी लिफ्टमध्ये रोज भेटणारा माणूस पाठ फिरवत असेल तर राहणं अवघड. ‘तसं काही नाही हो, पण...’ असं उत्तर आलं तर त्या ‘पण’पुढचं ऐका.

हा प्रश्न उलट बाजूनेही स्वतःला विचारा. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला बाजारात डंक, म्हणजे मसाला कुटण्याची यंत्रं, चालतात, मिरचीचा खाट घरात येतो. खाली मच्छीवाल्या बसतात. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला रस्ते भरतात. यातलं काय तुम्हाला ‘सुधारून’ हवं आहे? यादी लांब असेल तर तुम्हाला हा भाग नको, इथला टॉवर हवा आहे.

भाड्याने घेत असाल तर

पहिलं वर्ष भाड्याने राहून बघणं हा आमच्या मते उत्तम मार्ग. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के लागतं: 11 महिने, 45,000 भाडं आणि 2 लाख परत मिळणारी अनामत असेल तर भाड्याचे 4,95,000 आणि अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेले सुमारे 18,333, यांवर साधारण 1,283 रुपये. नोंदणी फी 1,000. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायला मालकाला सांगा. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं ना-वापर शुल्क सोसायटीने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावू नये. ते कोण भरणार हे करारात लिहा.

चाळीत ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे: आठ-दहा लाख एकरकमी, भाडं शून्य. मुदत संपली की मालकाकडे पैसे नसतात, आणि पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत तुम्ही अडकता. इमारत पुनर्विकासाला गेली तर आणखीच गोंधळ. करावंच लागलं तर रक्कम चेकनेच द्या आणि नोंदणीकृत करारात ती पूर्ण लिहा.

टोकन

विकत घेताना टोकन थोडंच द्या आणि पावतीवर तीन अटी लिहून घ्या: मालमत्ता पत्रक व सोसायटीचं ना-देय पत्र तीस दिवसांत, बँकेने कायदेशीर तपासणीत नाकारलं तर पूर्ण परतावा, आणि चटईक्षेत्र प्रत्यक्ष मोजून. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त मागू शकत नाही. मुद्रांक शुल्क मुंबईत 6 टक्के, निवासी घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 5, नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000. पुनर्विक्रीच्या घरात सोसायटीचं हस्तांतर शुल्क 25,000 च्या वर मागितलं तर ते ‘देणगी’ म्हणून वेगळ्या पावतीवर येतं. ती द्यायला तुम्ही बांधील नाही आणि ती दिल्याशिवाय सही न करणारी सोसायटी पुढे कशी वागेल याचा अंदाज तिथेच घ्या.