वारीसाठी कॅमेरा घेताय? दुकानात जाण्याआधी हे करा

पहिलं काम वजनाचं, आणि ते घरीच उरकायचं. जाहिरातीत ठळक छापलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या बॉडीचं, म्हणजे लेन्स न लावलेल्या कॅमेऱ्याचं असतं. तुमच्या गळ्यात मात्र बॉडी, लेन्स, बॅटरी, पट्टा असं सगळं बिऱ्हाड येणार. म्हणून कागद घेऊन बेरीज करा. सोनीचा ए७ फोर बॅटरी-कार्डासह ६५८ ग्रॅम, त्यावर त्यांचीच २४-७० एफ २.८ जीएम टू लेन्स (२४-७० हा लेन्सचा मिलिमीटरमधला पल्ला) ६९५ ग्रॅम. झालं १ किलो ३५३ ग्रॅम. कॅननचा आर५० ३७५ ग्रॅम आणि १८-४५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी, १३०, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. फुजीफिल्मचा एक्स-टी५ मधला: ५५७ ग्रॅम, वर १६-५० लेन्सचे २४०. आकडे वाचून काही कळत नसेल तर लिटरभर पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घालून गळ्यात अडकवा आणि पर्वती चढून या. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट लागतो, तिथे त्या बाटलीची आठवण येईल.

बॉडी लहान म्हणजे कॅमेरा लहान, या समजुतीत मात्र राहू नका. लेन्स किती मोठी होणार हे बरंचसं सेन्सरवर, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या चिपवर ठरतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. तेवढ्या चित्राला उजेड पुरवायचा तर काचाही तशाच मोठ्या लागतात. सोनीचा ए७सी ५०९ ग्रॅमचा, दिसायला गोंडस. पण त्याला वरचीच २४-७० लावली की सगळा भार पुढे जातो आणि मनगट सतत वर ओढून धरावं लागतं. असं नाक जड झालेलं जोडकाम हाताला जास्त दमवतं, एकूण वजन कमी असलं तरी. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा घेतलात तर बॉडी-लेन्सचं माप एकमेकांना शोभतं. वारीत चालत फोटो काढणाऱ्याला मी तरी तोच सांगेन.

आता दुकान. मुंबईत असाल तर बोरा बाजारात सकाळीच जा, गर्दी व्हायच्या आत, म्हणजे काउंटरवरचा माणूस हातात द्यायला कंटाळत नाही. बॅटरी आणि लेन्स लावूनच द्या म्हणावं. मग फक्त उजव्या हातात धरा, डावा हात मोकळा सोडा. वारीत त्यात छत्री तरी असते किंवा कुणाचा तरी हात. करंगळी ग्रिपवर, म्हणजे कॅमेरा धरायच्या उंचवट्यावर टेकते की खाली लोंबकळते, ते बघा. ती लोंबकळली तर बाकीची बोटं जास्त आवळावी लागतात आणि थोड्या वेळाने अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पट्टा अडकवायची कडी बोटांच्या बेचक्यात रुतते का, तेही तेव्हाच कळतं. मग डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे बघायच्या छोट्या खिडकीला लावा आणि न बघता डायल फिरवा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कमी-जास्त करायची चकती अंगठ्याला आपोआप सापडली पाहिजे. शोधावी लागली तर पालखी पुढे निघून जाते. चष्मा असेल तर तो घालूनच चारही कोपरे दिसतात का बघा. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी, आणि असे पुष्कळ असतात, नाक स्क्रीनला लागून फोकसचा बिंदू भलतीकडे सरकतो का हे तपासावं. तसं होत असेल तर टच बंद करायची सोय मेनूत कुठे आहे ते दुकानदाराकडूनच काढून घ्या.

पावसाचं वेगळं सांगायला नको, तरी एक सांगतो. ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही, म्हणून बटणं आणि चकत्या जितक्या जास्त तितकं बरं. एक्स-टी५ आणि ती १६-५० लेन्स शिंतोडे सोसतात. आर५०ला तसं संरक्षण नाही, तो घेतलात तर प्लॅस्टिकचं आवरण खिशात हवंच. रिको जीआर थ्री फक्त २५७ ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात जातो, पण त्याला ना व्ह्यूफाइंडर, ना पावसापासून बचाव. दुसरा कॅमेरा म्हणून उत्तम, एकुलता एक म्हणून नको.

चांदोबाच्या लिंबाला किंवा सदाशिवनगरला रिंगण टिपायचं असेल तर लांब पल्ल्याच्या लेन्सचा मोह होतो. तेवढ्या एका अश्वासाठी ती सगळी वाट खांद्यावर वाहायची का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय मोठी नळी रोखली की माणसं सावरून उभी राहतात. छोटा कॅमेरा असला की फुगडी फुगडीसारखी चालू राहते. ठरत नसेल तर दोन्ही संच शनिवार-रविवार भाड्याने घ्या आणि एखाद्या गडावर नेऊन आणा. पुण्या-मुंबईत भाड्याने सहज मिळतात.

कॅमेऱ्यासोबत येणारा कंपनीच्या नावाचा कडक पट्टा घरी ठेवा, मानेला काचतो. थोडा रुंद, मऊ, गळ्याऐवजी तिरका खांद्यावरून घेता येईल असा वेगळा घ्या, आणि लांबी अशी ठेवा की चालताना कॅमेरा कमरेवर आपटणार नाही. जी सॅक नेणार आहात तीच खरेदीला घेऊन जा. लेन्स लावलेला कॅमेरा तिच्या वरच्या कप्प्यात, रेनकोट आणि दोन जादा बॅटऱ्यांसकट बसत नसेल, तर तिथेच पुढचं मॉडेल मागा.